विनोदी शोधनिबंध दुसऱ्या परिच्छेदातच का थकतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही पुण्यातील एका महाविद्यालयात समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकता आणि वार्षिक अंकासाठी तुम्ही 'कटिंग चहा: एक उत्तर-वसाहतिक विखंडन' या नावाचा विनोदी शोधनिबंध लिहिला आहे. पहिल्या वाक्याला मित्र खदखदून हसले, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत मात्र ते मोबाइल पाहू लागले. एका प्राध्यापकांनी हा विषय तुम्ही खरोखरच घेतला आहे का, असे विचारले, आणि तुमच्या मार्गदर्शकांना ही आपलीच टिंगल आहे असे वाटले. जड शब्द वाढवावेत की कमी करावेत, आणि मार्गदर्शकांना न दुखावता हा लेख छापता येईल का, हे तुम्हाला हवे आहे. नमुन्यादाखल तुम्ही दिलेले वाक्य असे: 'कटिंग चहा ही उत्तर-वसाहतिक अवकाशातील द्रवरूप संहिता असून तिच्या विखंडित अस्मितेतून सत्तेच्या अर्धवटपणाचे प्रतिचिन्हन होते.'

मी पुण्यात प्रबंधांचे मुद्रितशोधन आणि भाषासंपादन करते. माझा चरितार्थ त्यावरच चालतो. त्याच्या जोडीला दिवाळी अंकांसाठी आलेल्या विनोदी लेखांची निवड आणि संस्करण हे कामही मी बऱ्याच वर्षांपासून करीत आले आहे. त्यामुळे खरा शोधनिबंध आणि त्याचे विडंबन हे दोन्ही माझ्या टेबलावर अनेकदा एकाच आठवड्यात येतात, आणि विडंबन कुठे फसते याबद्दल माझी मते बरीच पक्की झाली आहेत.

शब्द जड असावेत की हलके, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तुमच्या लेखाची खरी अडचण अशी आहे की त्यात विद्वानांची भाषा आली आहे, पण विद्वानांचा युक्तिवाद आलेला नाही. 'द्रवरूप संहिता' हे शब्द चहाला लावले की पहिल्यांदा हसू येते, कारण ही जोडी वाचकाला अनपेक्षित असते. परंतु त्याच क्षणी तुमची युक्ती त्याला कळून चुकते. पुढच्या वाक्यात तुम्ही बिस्किटाला 'परिघावरील उपेक्षित' म्हटले आणि त्याच्या पुढच्या वाक्यात किटलीला 'सत्ताकेंद्र' म्हटले, तरी वाचकाला नवे काहीच मिळत नाही. पुढे काय येणार हे तो तुमच्या आधी ओळखू लागतो. माझ्याकडे आलेल्या अशा प्रत्येक लेखाला मी एक साधी कसोटी लावते. मधला एक परिच्छेद काढून टाकायचा आणि पुढचा परिच्छेद अडतो का ते पाहायचे. तुमच्या लेखातले परिच्छेद मी मनातल्या मनात उलटसुलट लावून पाहिले आणि कुठेच काही अडले नाही. खरा शोधनिबंध असा उलटसुलट करता येत नाही, म्हणून त्याच्या विडंबनालाही ती सवलत मिळत नाही.

केवळ शब्दांवर उभा राहिलेला विनोद कुठवर जातो, हे 2005 साली अमेरिकेत दिसून आले. तिथल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकशास्त्राचे निरर्थक शोधनिबंध आपोआप तयार करणारा 'सायजेन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून बाहेर पडलेला एक निबंध एका परिषदेने स्वीकारला. ती बातमी जगभर गाजली आणि ती गाजणे योग्यच होते, कारण त्या परिषदेत काय तपासले जाते आणि काय नाही हे त्यामुळे उघड झाले. मात्र तो निबंध हसण्यासाठी म्हणून वाचायला घेतला तर दुसऱ्या पानापर्यंत पोचणे कठीण जाते. त्यातला विनोद घटनेत आहे, मजकुरात नाही. तुमच्या लेखामागे अशी घटना नाही. तुमच्याकडे फक्त मजकूर आहे आणि हसवण्याचा सगळा भार त्यालाच उचलावा लागणार आहे.

आता तुमच्याच विषयावर काम करून दाखवते, कारण विषय उत्तम आहे आणि तो तुम्ही हातचा घालवू नये असे मला मनापासून वाटते. टपरीवर चहा मागवताना आपण 'एकात दोन' म्हणतो, 'दोनात तीन' म्हणतो, क्वचित 'तीनात चार'ही म्हणतो. ही आकडेवारी गांभीर्याने घ्या. एकात दोन केल्यास प्रत्येकाला 1/2 कप चहा मिळतो. तिसरा मित्र आला की दोनात तीन होतात आणि प्रत्येकाचा वाटा 2/3 होतो. चौथा आला की तीनात चार, म्हणजे 3/4. दहा जण जमले तर नवांत दहा, म्हणजे प्रत्येकी 9/10. शंभर जण जमले तर 99/100. याचा अर्थ असा की वाटेकरी जसजसे वाढतात तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा चहाही वाढत जातो, परंतु कितीही मित्र आले तरी तो पूर्ण एक कप होत नाही. निष्कर्ष: संपूर्ण कपभर चहा पिण्यासाठी माणसाला अनंत मित्र असणे आवश्यक आहे.

यात एकही जड शब्द नाही. गणित शंभर टक्के बरोबर आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे, आणि तरीही शेवटी आपण जिथे पोचलो ती जागा हास्यास्पद आहे. वाचक इथे दोनदा हसतो: एकदा निष्कर्षाला, आणि दुसऱ्यांदा जेव्हा त्याच्या लक्षात येते की मित्रांबरोबर मागवलेले कपही वाढत गेले आहेत आणि लेखकाने ती गोष्ट न लपवताही त्याच्या नजरेआड ठेवली आहे. हे दुसरे हसणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते वाचकाने स्वतः कमावलेले असते. तळटीपेत एवढेच लिहा: 'बिल कोणी द्यावे हा प्रश्न प्रस्तुत अभ्यासाच्या व्याप्तीबाहेर आहे.'

इथपर्यंत आल्यावर लेख थांबवू नका, कारण पंडिती युक्तिवादाची खरी गंमत सिद्धान्त अडचणीत आल्यावर सुरू होते. तुमच्याच सूत्राने एकट्या माणसाचा हिशेब केला तर तो 'शून्यात एक' असा येतो. म्हणजे एकट्या माणसाला चहा मिळतच नाही. प्रत्यक्षात मात्र रोज सकाळी कित्येक एकटी माणसे अमृततुल्यात बसून पूर्ण चहा पिताना दिसतात. सामान्य माणूस अशा वेळी सूत्र चुकले असे म्हणेल. तुमचा विद्वान तसे म्हणणार नाही. तो व्याख्या बदलेल. 'निरीक्षणातील सदर व्यक्ती एकटी नसून तिचे अनंत मित्र अद्याप पोचलेले नाहीत.' हे वाक्य तर्काला धरून आहे, आधीच्या निष्कर्षाशी सुसंगत आहे आणि ते खोडून काढणे जवळजवळ अशक्य आहे. मी तपासलेल्या अनेक खऱ्या प्रबंधांत हीच हालचाल पाहिली आहे: माहिती गृहीतकाच्या विरुद्ध गेली की गृहीतक तसेच राहते आणि माहितीचे वर्णन बदलते. तुमच्या मित्रांना ही हालचाल ओळखीची वाटेल, आणि विडंबनाने पकडायची असते ती हीच.

आपल्याकडे हा विनोद नवा नाही. तुपाला पात्राचा आधार आहे की पात्राला तुपाचा, या विचारात पडलेल्या नैयायिकाची, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडिताची, गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. शेवटी निर्णय करण्यासाठी तो पात्र उलटे करतो आणि तूप जमिनीवर सांडते. ही गोष्ट बहुतेक जण पंडिताच्या मूर्खपणाची म्हणून सांगतात, आणि तसे सांगितले की तिचा जीव निम्मा होतो. तो पंडित मूर्ख नाही. त्याला शंका आली, त्याने दोन्ही पक्ष समोर ठेवले आणि परंपरेच्या शब्दावर विसंबून न राहता प्रत्यक्ष प्रयोग केला. संशोधकाने जे करायला हवे ते सगळे त्याने केले. फक्त जिथे करायचे कारण नव्हते तिथे केले. तो तूप सांडून बसतो तेव्हा आपण त्याला हसतो, पण त्याचा तिरस्कार करीत नाही. तुमच्या निबंधाचा काल्पनिक लेखक असाच असला पाहिजे: प्रामाणिक, कष्टाळू, पद्धतीवर पूर्ण श्रद्धा असलेला. त्याला ढोंगी किंवा बावळट केलेत की वाचक त्याच्याबरोबर चालणे सोडून देतो. निष्फळ चिकित्सेला आपल्या शास्त्रकारांनी 'काकदंतपरीक्षा', म्हणजे कावळ्याच्या दातांची तपासणी, असे नावच देऊन ठेवले आहे. हा शब्द विद्वानांनीच विद्वानांसाठी घडवला, हे मला त्या परंपरेच्या निरोगीपणाचे लक्षण वाटते.

आता दुसरी बाब, आणि ती तुमच्या प्राध्यापकांच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. 'हा विषय खरोखर घेतला आहे का' असे त्यांनी विचारले, याचे कारण तुमच्या लेखात आरंभीचे गृहीत पुरेसे वेडगळ नाही. कटिंग चहावर उत्तर-वसाहतिक, म्हणजे परकी राजवटीचे मागे उरलेले परिणाम शोधणाऱ्या, दृष्टीने लिहिलेला खरा निबंध सहज असू शकतो, आणि तो चांगलाही असू शकतो. विडंबनात वाचकाला पहिल्या दोन-तीन ओळींत खूण मिळावी लागते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळच्या अंकात अशी उत्कृष्ट उदाहरणे सापडतात. 2003 साली तिथे पॅराशूटच्या उपयुक्ततेवर एक आढावा प्रसिद्ध झाला. उंचावरून पडताना पॅराशूटमुळे जीव वाचतो याचा यादृच्छिक चाचण्यांवर (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचण्यांवर) आधारलेला एकही पुरावा उपलब्ध नाही, कारण अशी चाचणी कोणी केलेलीच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे 2018 साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या संशोधकांनी ती चाचणी प्रत्यक्ष करून दाखवली. 23 जणांनी विमानातून उड्या मारल्या. काहींच्या पाठीवर पॅराशूट होते, काहींच्या पाठीवर रिकामी पिशवी. दोन्ही गटांत कोणालाही गंभीर इजा झाली नाही, म्हणून पॅराशूटचा काही फायदा आढळला नाही. विमान जमिनीवर उभे होते आणि उडीची सरासरी उंची 0.6 मीटर होती, ही गोष्टही त्या लेखात नोंदवलेली आहे.

हा लेख मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवोदित लेखकाला मुद्दाम सांगते. त्याची आकडेमोड खरी आहे, मांडणी नियतकालिकाच्या शिस्तीची आहे, आणि त्यातून निघणारा मुद्दाही खरा आहे: चाचणीत कोण सहभागी झाले आणि कोणत्या परिस्थितीत झाले हे न पाहता केवळ निष्कर्ष वाचणे धोक्याचे असते. वैद्यकाचा अभ्यासक तो वाचून हसतो आणि पुढच्या वेळी निष्कर्षाच्या आधी पद्धतीचा भाग वाचतो. विडंबनातून एखाद्या विद्याशाखेची अशी सेवा घडू शकते, यावर माझा विश्वास आहे.

पुराव्याचा वापर हाही तुमच्या लेखातला मोकळा राहिलेला भाग आहे. वरच्याच नियतकालिकात 2005 साली मेलबर्नमधील एका संशोधन संस्थेतील चमचे नाहीसे होण्याचा अभ्यास छापून आला होता; खुणा केलेल्या 70 चमच्यांपैकी 56 चमचे पाच महिन्यांत गायब झाले, आणि लेखकांनी चमच्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे चमचे नाहीसे व्हायला लागणारा काळ, 81 दिवस असा काढला. पुण्यात मी हाच विषय चमच्याऐवजी वाटीवर घेतला असता. शेजाऱ्यांचे भांडे रिकामे परत करू नये हा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. हा नियम दोन्ही घरे काटेकोरपणे पाळत असतील, तर वाटीची प्रत्येक परतफेड ही एक नवी भेट ठरते, त्या भेटीची परतफेड करावी लागते, आणि म्हणून एकदा निघालेली वाटी कधीच थांबू शकत नाही. पदार्थविज्ञानाने अशक्य ठरवलेले शाश्वत गतियंत्र असे एखाद्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर सापडते. पुढे 'रिकामी' या संकल्पनेची चिकित्सा करावी लागते: चमचाभर साखर घातली तर वाटी भरलेली समजावी का, आणि साखरेचा एक दाणा घातला तर? मग व्याप्ती आणि मर्यादा यांच्या सदरात असे येते: 'श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे अभ्यासातून वगळले आहेत, कारण ते परत येण्याच्या अपेक्षेने दिलेच जात नाहीत.'

वाटीच्या विषयात आणखी एक खजिना आहे, तो म्हणजे भांड्यांवर कोरलेली नावे. वास्तुशांतीच्या किंवा मुंजीच्या निमित्ताने दिलेल्या स्टीलच्या वाटीवर देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख कोरलेली असते. म्हणजे तो अस्सल कोरीव लेखच होय. एका घरातील फडताळात तिसऱ्याच कुटुंबाचे नाव कोरलेली वाटी मिळाली, तर ती व्यापारातून आली, स्वारीतून आली की विवाहसंबंधातून आली, याची चर्चा ताम्रपटाच्या शिस्तीने करता येते. लिपीच्या वळणावरून कोरणाऱ्याची पेठ ठरवता येते. इथे जड शब्दांची गरज भासलीच तर ते आपोआप येतील आणि शोभतील, कारण ते काही काम करीत असतील. इथेच तुमच्या मूळ प्रश्नाचेही उत्तर मिळते: जो पारिभाषिक शब्द युक्तिवादाची एक पायरी चढवतो तो ठेवा, आणि जो फक्त ऐकायला भारदस्त वाटतो तो काढा.

हे सर्व करण्यासाठी ज्या पद्धतीचे विडंबन करायचे ती पद्धत नीट ठाऊक असावी लागते, आणि पुण्यात राहून ती ठाऊक करून घेण्याची सोय नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू झाले आणि 1966 मध्ये पूर्ण झाले. देशभरातील हस्तलिखिते जुळवायची, त्यांच्या वंशावळी ठरवायच्या, सर्वांत जुना सिद्ध होणारा पाठ, म्हणजे मजकुराचे रूप, वर छापायचा आणि उरलेले पाठभेद तळाशी द्यायचे, ही त्यामागची शिस्त. ती आवृत्ती एकदा हातात घेऊन तिचे एखादे पान नुसते बघा. मोजक्या श्लोकांखाली पाठभेदांची दाट वस्ती दिसते. आता हीच शिस्त सोसायटीच्या सूचनाफलकाला लावा. अ इमारतीच्या प्रतीत 'गुरुवारी पाणी येणार नाही' असा पाठ आहे. ब इमारतीच्या प्रतीत 'गुरुवारी पाणी कमी दाबाने येईल' असे आहे. क इमारतीच्या प्रतीत अ प्रमाणेच मजकूर आहे, परंतु त्याखाली पेन्सिलीने 'बुधवारी तरी कुठे आले होते' अशी ओळ आढळते. ही ओळ मूळची की प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेली? क प्रत अ वरून उतरली आहे की दोन्ही प्रती सचिवांच्या एखाद्या हरवलेल्या मूळ प्रतीवरून उतरल्या आहेत? पेन्सिलीची ओळ शैलीने भिन्न असली तरी आशयाने अधिक विश्वसनीय आहे, हे संपादकाला मान्य करावे लागते. असे विडंबन भांडारकर संस्थेतला अभ्यासक वाचील तेव्हा तो दुखावणार नाही. त्याला आपले काम कोणीतरी बारकाईने पाहिले आहे याचा आनंदच होईल.

मूळ पाठाचा हा विनोद तर सातव्या शतकातला आहे. पल्लव राजा महेंद्रवर्मन याच्या 'मत्तविलास' या संस्कृत प्रहसनात एक बौद्ध भिक्षू विचार करतो की, चांगले निवासस्थान, मऊ बिछाना, वेळेवर भोजन अशी भिक्षूंची एवढी काळजी वाहणाऱ्या दयाळू बुद्धाने मद्य आणि स्त्रिया यांचीही अनुज्ञा दिलीच असली पाहिजे; म्हाताऱ्या भिक्षूंनी तरुणांच्या मत्सराने तो भाग ग्रंथातून गाळला असावा. म्हणून तो अक्षत मूळ पाठाच्या शोधात आहे. त्याचा तर्क पाहा: आधी दयाळूपणाचे पुरावे, मग त्यांतून स्वभावाविषयी अनुमान, मग उपलब्ध पाठातील उणीव, मग ती उणीव कोणाच्या हिताची होती याची मीमांसा. प्रत्येक पायरी पाठचिकित्सेची आहे आणि इच्छा मात्र आधीच ठरलेली आहे. आपल्याला हवे ते सिद्ध करण्यासाठी पद्धत राबवणे हा विद्वत्तेचा सर्वांत जुना आजार आहे, आणि त्यावर एवढे अचूक बोट ठेवणारा दुसरा उतारा मला माहीत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर: आरंभीचे गृहीत उघडपणे वेडगळ असू द्या, त्यानंतरची प्रत्येक पायरी प्रामाणिक आणि तपासून पाहता येईल अशी ठेवा, सिद्धान्त अडचणीत आणा आणि तुमच्या विद्वानाला तो वाचवू द्या.

मांडणीबद्दल फार सांगण्याची गरज नाही, पण काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. लेख छापायचा असेल तर तळटीपा, तक्ते, ऋणनिर्देश आणि शिफारशी यांचा भरपूर उपयोग करा. विशेषतः ऋणनिर्देशातील 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष साहाय्य' करणाऱ्यांची यादी आणि 'शासनाने याबाबत ठोस धोरण आखावे' ही अखेरची शिफारस मराठी प्रबंधांत इतकी रुळलेली आहे की ती योग्य जागी आली की वाचक लगेच ओळखतो. तोच मजकूर स्नेहसंमेलनात वाचून दाखवायचा असेल तर तळटीपा ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांतल्या दोन-तीन वाक्यांत गुंफा आणि बाकीच्या सोडून द्या. श्रोते केवळ तुमच्या विभागातले असतील तर पद्धतीचे बारकावे चालतील. इतर शाखांचे विद्यार्थी असतील तर चहाच्या गणितासारखा सर्वांना पडताळता येणारा युक्तिवाद हवा. लांबी माझ्या अनुभवात सातशे-आठशे शब्दांपलीकडे गेली की वाढवलेली दिसू लागते. मानव हा समाजशील प्राणी आहे येथून आरंभ करण्याचा मोह होईल, कारण तसे आरंभ खूप असतात. पण तो विनोद आता झिजला आहे.

मार्गदर्शकांच्या प्रश्नाकडे येते, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेते. एखाद्याला फसवणे आणि एखाद्याबरोबर हसणे यांत फरक आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांनी 1996 साली 'सोशल टेक्स्ट' या नियतकालिकात पुंजगुरुत्व (क्वांटम ग्रॅव्हिटी) या भौतिकशास्त्रातील विषयाच्या 'क्रांतिकारी' अन्वयार्थावर मुद्दाम निरर्थक लेख छापून आणला आणि मग दुसऱ्या नियतकालिकात स्वतःच ते उघड केले. त्यातली अवतरणे खऱ्या विचारवंतांची होती, म्हणूनच तो लेख इतका परिणामकारक ठरला. त्यावर झालेला वाद उपयुक्तच होता, असे मी मानते. परंतु तो सापळा होता आणि सापळ्यात कोणीतरी सापडावेच लागते. महाविद्यालयाच्या अंकात तुमचे वाचक तुमच्या बाजूचे असावेत. तुमच्या मार्गदर्शकांना टिंगल वाटली याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, लेखात त्यांच्या बोलण्यातले शब्द आहेत आणि त्यांच्या विचाराचा एकही धागा नाही. माणसाचे शब्द तेवढे उचलले की ती नक्कल होते. त्याची पद्धत उचलून ती चहाला इमानाने लावली तर आपला विद्यार्थी आपल्याकडून काय शिकला हे त्यांना दिसेल.

याच संदर्भात एक विनंती आहे. पीएच.डी.च्या प्रबंधांतील बोजड मराठीची चेष्टा करू नका. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांमागे पुष्कळदा घरातली पहिली शिकलेली मुले-मुली असतात. घरी एक मराठी, वर्गात दुसरी आणि संदर्भग्रंथांत इंग्रजी अशा तिहेरी ताणातून ती लिहितात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या नियतकालिकात किमान एक निबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणे आवश्यक होती. 2022 च्या नियमांतून ही अट गेली, पण मधल्या वर्षांत केवळ अटीपायी किती पाने लिहिली गेली हे ती तपासणाऱ्या माझ्यासारख्यांनी पाहिले आहे. ज्या विद्यार्थ्याला 'प्रतिचिन्हन' लिहिल्याशिवाय आपले म्हणणे कोणी ऐकणार नाही असे वाटते, तो विनोदाचा विषय होऊ नये. त्याला तसे वाटायला लावणारी सवय, शब्द म्हणजेच विचार ही समजूत, माहिती विरुद्ध गेली तरी न हलणारे गृहीतक, हे सगळे विनोदासाठी मोकळे आहे आणि त्यावर जितके नेमके लिहाल तितके थोडेच आहे.

तेव्हा सध्याचा लेख बाजूला ठेवा आणि 'दोनात तीन'पासून नव्याने सुरू करा. पहिला खर्डा तुमच्या विभागाबाहेरच्या, शक्यतो वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या एखाद्या मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवा आणि ती जिथे 'अरे, पण थांब' म्हणून तुम्हाला अडवेल तिथे समासात खूण करा. अशी एकही खूण झाली नाही तर युक्तिवाद अजून बांधायचा राहिला आहे असे समजा. त्यानंतर, छपाईला देण्याआधी, तोच खर्डा मार्गदर्शकांकडे घेऊन जा आणि एकट्या माणसाच्या अडचणीवर त्यांनी कोणता उपाय सुचवला असता हे त्यांना विचारा. ते जे सांगतील ते त्यांच्या परवानगीने तळटीपेत घाला.